गॅविनसाठी कागदाचं पाकीट

१८ सप्टेंबर

मी डार्सी. उजव्या हातानं लिहितो. लिहिलेलं वाचता येत नाही.

१९ सप्टेंबर

मेरेआनी म्हणाली रोज लिहा. लिहिलं.

२३ सप्टेंबर

चमचा पडला. उचलला. परत पडला. सूप कुत्र्याला.

२ ऑक्टोबर

जुलैत अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर म्हणाला नशीबवान आहात. जन्मभर खोगिरं शिवलेल्या माणसाचा उजवा हात गेला आणि हा म्हणे नशीबवान.

मेरेआनी हॉस्पिटलात हात चालवायला शिकवते. फिजीची आहे. अंकल, अंकल म्हणते आणि घाम काढते.

९ ऑक्टोबर

माझी बायको कोरल विसराळू झाली आहे. चहा माझ्या उजवीकडे ठेवते. तिला सांगितलं, डावीकडे ठेव. हो म्हणाली. पुढचा कप परत उजवीकडे.

मुरंब्याच्या बरणीचं झाकणही घट्ट लावते. पूर्वी असं करत नसे.

१५ ऑक्टोबर

हे लिहायला दोन दिवस लागले, पण लिहिणारच. राग आला की हात बरा चालतो.

रविवारी रोवेना आणि गॅविन जेवायला आले. रोवेना माझी मुलगी. गॅविन तिचा नवरा, गव्हाची शेती आहे, आवाज मोठा. मटण संपल्यावर रोवेना म्हणाली, "डॅड, ह्या वेळी ख्रिस क्रिंगलमध्ये तुझं नाव घातलेलं नाही."

आमच्या घरात नाताळला सगळ्यांनी सगळ्यांना भेट द्यायची नाही. टोपीत नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची निघेल त्याला द्यायचं. ही चाल माझ्या आईनं पाडली आणि तिच्यानंतर टोपी मी धरतो. माझंच नाव नाही!

मी विचारलं का. तर म्हणे ह्या वर्षी सगळ्यांनी गिफ्ट कार्ड द्यायचं ठरलंय, पण कार्डाचं पाकीट घरी कागदाचं बनवायचं, दुकानातलं चालणार नाही. "आणि तुला ते जमणार नाही ना," असं ती बटाट्याकडे बघत बोलली.

मी म्हटलं, "ज्या हातानं मी तुझ्या पहिल्या घोड्याचं खोगीर शिवलं..."

"तो हात आता चमचा धरत नाही, म्हाताऱ्या," गॅविन म्हणाला. "बरं, हात नाही तर शेडचं काय करतोस? मला कॅरॅव्हान ठेवायला जागा हवीय. जानेवारीत लिलाववाला बोलावू, तुझी हत्यारं विकून टाकू."

माझी शेड. माझ्या बापाची. त्यात माझ्या आऱ्या, सुऱ्या, लाकडी साचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी टेबलावर मूठ आपटली. डावी. मग उजवी आपटली. ती हळूच आपटली, पण आपटली.

"माझं नाव घाला," मी म्हटलं. "पाकीट मी बनवीन. ह्याच हातानं."

रोवेना म्हणाली, "कोणाची मदत न घेता?"

"कोणाच्या बापाची नको."

"जमलं तर शेड तुझी. नाही जमलं तर लिलाव."

मी कोरलकडे बघितलं, निदान ती तरी माझी बाजू घेईल म्हणून. ती ताटं उचलून आत गेली. मग रोवेना आणि गॅविनही तिच्यामागे गेले, तिघांनी स्वयंपाकघरात बराच वेळ लावला आणि टोपी आली. बाकीच्यांनी चिठ्ठ्या आधीच उचलल्या होत्या म्हणे, टोपीत एकच उरली होती. उघडली. गॅविन.

देवाला दुसरं कोणी सापडलं नाही.

२२ ऑक्टोबर

माझे चिकटपट्टीचे बूट सापडत नाहीत. कोरल म्हणते कुठे गेले कोण जाणे. आता नाडीचेच बूट उरले. नाडी बांधता बांधता दुपार झाली. ती खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होती. उठलीसुद्धा नाही.

मला काळजी वाटते. तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू हरवायला लागल्या, मग माणसं.

३१ ऑक्टोबर

मेरेआनीला पैजेचं सांगितलं. तिनं टॅबलेटवर एक अमेरिकन बाई लावून दिली. बाई कागदाची पाकिटं बनवते आणि सारखी हसते. खिडकीबाहेर बर्फ. पाकिटावरही बर्फ आणि हरणं. इथे आमचा उन्हाळा सुरू होतोय, बाहेर माश्या आणि गव्हाची कापणी तोंडावर.

"अंकल, बर्फाकडे बघू नका, हातांकडे बघा," मेरेआनी म्हणाली.

कात्री उजव्या हातात धरली. कागद उंदरानं कुरतडल्यासारखा कापला गेला. ती म्हणाली छान. खोटं बोलायचे तिला पैसे मिळत असणार.

५ नोव्हेंबर

आज घोड्यांची मोठी शर्यत. दरवर्षी मी सांगतो कोणाचं खोगीर नीट बसलंय आणि कोणाचं नाही. आज बोललो नाही. दिवसभर कागद दुमडत बसलो.

एक पाकीट झालं. त्याचं माप त्या बाईच्या इंचांत होतं, माझ्या पट्टीवर सेंटिमीटर. कार्ड आत जाईना. कोरलला म्हटलं, जरा हे टोक धर. ती म्हणाली, "छे बाबा, मदत नाही असं ठरलंय. मला रोवेनाची भीती वाटते." रोवेनाची भीती! हिनंच जन्माला घातली तिला.

११ नोव्हेंबर

जमलं! लाल कागद, वर पांढरी पट्टी आणि कागदी हरीण, कार्ड आत जातं आणि बाहेर येतं. बाईनं दाखवलं तसं ग्लू गननं चिकटवलं. गरम गोंद सोडायचा, दाबायचं, दहा मोजायचे. त्या बंदुकीचा घोडा दाबायला माझं बोट तयार झालंय, हे मला आज कळलं. चार पाकिटं केली. सगळ्यात बरं ते गॅविनला देणार, बाकीची त्याच्या तोंडावर मारायला.

उद्या मेरेआनीला दाखवायला नेतो. गाडी कोरल चालवेल.

१२ नोव्हेंबर

उत्तरेचा, वाळवंटावरून येणारा गरम वारा सुटला. बेचाळीस अंश. पाकिटं पिकअपमध्ये काचेखाली ठेवली होती. कोरलला वाण्याकडे काम होतं, ती बोलत बसली, मीही सावलीत बसलो. परत आलो तर गोंद वितळून सगळं सुटं झालं होतं. लाल कागद, पांढरी पट्टी, हरीण, सगळं एका लगद्यात. हरणाचं डोकं स्टिअरिंगला चिकटलं.

बर्फात राहणाऱ्या बाईचं ऐकून मी डिसेंबरच्या तोंडावर ह्या गावात गरम गोंद लावला. सत्तर वर्षं इथे राहतोय. माझ्यासारखा मूर्ख मीच.

मेरेआनीकडे गेलोच नाही.

१५ नोव्हेंबर

खरं लिहितो. आज पेपरवाल्याच्या दुकानात गेलो होतो. तिथे कार्डाची तयार पाकिटं टांगलेली आहेत. एक हातात घेतलं. वाटलं, कडा थोड्या चुरगाळल्या, वाकड्या केल्या तर कोणाला कळणार आहे? त्या पाकिटावरची शिवण यंत्राची होती. नुसती शोभेची, धरत काहीच नव्हती. इतका राग आला की ठेवून दिलं.

माझी लाज शिवणीनं राखली.

१६ नोव्हेंबर

गॅविनकडे कोरलबरोबर लिंबं द्यायला गेलो होतो. त्याच्या गोठ्यामागे कोरी करकरीत पत्र्याची शेड उभी आहे. आत कॅरॅव्हान. वर ताडपत्रीसुद्धा घातलेली, धूळ बसलेली. म्हणजे जागा आहे त्याला! तरी माझ्या शेडवर डोळा. हावरटपणाला काही सीमा असते.

रोवेनाला म्हटलं, तुझ्या नवऱ्याकडे आधीच शेड आहे. ती खोकायला लागली आणि लिंबं धुवायला निघून गेली. नवऱ्याची लाज वाटत असेल बिचारीला.

२० नोव्हेंबर

झटक्यानंतर आज पहिल्यांदा शेडमध्ये गेलो. आतापर्यंत पाय तिकडे वळले नव्हते. मेणाचा आणि चामड्याचा वास तसाच आहे. मी बाकावर बसलो आणि थोडा रडलो. कुत्रा होता, त्याचं काही नाही.

मग डोक्यात आलं. गोंद कशाला? मी आयुष्यात कधी गोंदावर भरवसा ठेवलाय? खोगीर शिवतात. शिवलेलं उन्हात सुटत नाही, पावसात सुटत नाही, घोडा आपटला तरी सुटत नाही.

आमचा टाका असा असतो. एक दोरा, दोन्ही टोकांना सुया. काम लाकडी चिमट्यात धरायचं आणि चिमटा गुडघ्यांत. उजव्या हातानं आरीनं भोक पाडायचं आणि त्याच हातात सुई तयार ठेवायची. मग दोन्ही सुया एकाच भोकातून दोन बाजूंनी काढायच्या आणि दोन्ही हातांनी सारख्याच जोरानं ओढायच्या. एकाच हातानं ओढलं तर टाका तिरका पडतो. डाव्या हाताला एकट्यानं हे काम करता येत नाही.

आरी उचलली. पडली. उचलली. पडली. कुत्रा उठून बाहेर गेला, त्याला वाटलं मी त्याच्यावर फेकतोय. शेवटी आरीच्या मुठीला जुनी चामड्याची पट्टी गुंडाळून जाड केली. मग राहिली.

भोक पाडलं. एक.

२४ नोव्हेंबर

पहिला कागद शिवला आणि ओढल्याबरोबर टाक्यांच्या रेषेवर फाटला, पोस्टाची तिकिटं फाटावीत तसा. दुसराही तसाच. आमच्या धंद्यात टाके जितके जवळ तितका कारागीर मोठा. सगळा जिल्हा माझे टाके ओळखायचा. आणि तीच हुशारी कागदाला मारते.

बापाचा आवाज ऐकू आला, "घाई कोणाला आहे?" मग टाके लांब लांब घातले. शिकाऊ पोरगा घालतो तसे. लाज वाटली, पण फाटलं नाही.

कागदही बदलला. दुकानातला रंगीत कागद म्हणजे नुसता दिखावा. कुत्र्याच्या बिस्किटांची मोठी पिशवी येते, तिचा तपकिरी कागद घेतला. तीन पदरी, चिवट. ओढून बघितला. हा धरेल.

२८ नोव्हेंबर

कोरलनं आज चहा शेडमध्ये आणला आणि उजवीकडेच ठेवला, अगदी कागदाला लागून. मी सवयीनं उजवा हात पुढे केला, कप उचलला, तोंडाजवळ आला, आणि मग लक्षात आलं की कुठल्या हातात आहे. घाबरून सांडला. सगळा चहा कापलेल्या कागदावर.

शिव्या घातल्या. पण कागद वाळल्यावर बघितलं तर रंग असा उतरला होता की नवं खोगीर वाटावं. आता मुद्दाम चहा लावतो. वरून दोऱ्याचं मेण घासतो. चमक येते.

सांडला तेव्हा कोरल दारात उभी होती. म्हणाली, "अरे, हातानं कप उचललास."

मी म्हटलं, "सांडला."

ती म्हणाली, "उचललास." आणि ॲप्रन डोळ्याला लावून गेली. हल्ली लहानसहान गोष्टींवर रडते. हेही त्याच दुखण्याचं लक्षण असणार.

३ डिसेंबर

मेरेआनीला एकटीला गाठून विचारलं. म्हटलं, माझी बायको विसराळू होत चाललीय, वस्तू हरवते, सांगितलेलं लक्षात राहत नाही, तिची तपासणी कुठे करायची?

"काय काय विसरतात आंटी?"

सांगितलं. चहा उजवीकडे, घट्ट झाकणं, बूट, जेवताना मटण कापून द्यायचं विसरणं, दारं बंद ठेवून मूठ मला फिरवायला लावणं. मेरेआनीनं तोंडावर फाइल धरली. तिचे खांदे हलत होते. बरीच हळवी मुलगी आहे.

मग म्हणाली, "अंकल, आंटींची काळजी करू नका. तुम्ही हात बरा करा, त्या आपोआप बऱ्या होतील."

डॉक्टर नाही ती. पण तिचं म्हणणं मनात राहिलं. कोरल खरंच विसरायला लागली तर तिचे बूट कोण बांधणार, तिचा चहा कोण करणार? ज्या बाईनं चार महिने माझं सगळं केलं तिच्यासाठी मला दोन हात हवेत. पैज आता नुसती शेडची राहिलेली नाही.

९ डिसेंबर

सुई उजव्या बोटांत राहते. अंगठा अजून बथ्थड आहे, पण राहते. रोज सकाळी गार असताना बसतो. गव्हाचे ट्रक रस्त्यानं जातात, ड्रायव्हर हॉर्न मारतात. आज मी हात वर केला. उजवा.

१७ डिसेंबर

पाकिटाचा आकार ठरला. खोगिराला मागे लावायची छोटी पिशवी असते, तशीच, फक्त कार्डाच्या मापाची. वर झडप, झडपेवर कागदाचा पट्टा, पट्टा खालच्या फासातून ओवायचा. वर ना हरीण, ना बर्फ.

पहिलं तयार झालं ते कुत्र्यानं खाल्लं. बिस्किटांच्या पिशवीचा कागद, वास त्यालाच कळणार. माझा चार सकाळींचा घाम त्यानं शेपूट हलवत गिळला. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. ओरडलो नाही. पुन्हा कागद कापायला घेतला.

आश्चर्य म्हणजे ह्या वेळी कात्री सरळ गेली.

२३ डिसेंबर

झालं.

शेवटचा टाका बांधला आणि दोन्ही हातांनी ओढला. सारख्याच जोरानं. उलट बाजू बघितली. पुढून जसा टाका तसाच मागून. आमच्यात कामाची परीक्षा मागच्या बाजूनं होते.

कोरलला दाखवलं नाही. टोपीखाली लपवून ठेवलं.

२६ डिसेंबर

काल लिहायला वेळ झाला नाही. आज सगळं लिहितो. हात थांबायला तयार नाही.

काल नाताळचं जेवण आमच्या व्हरांड्यात. एकोणचाळीस अंश. गार कोळंबी, हॅम, आणि कोरलचा अंड्याच्या फेसाचा मेरिंग केक, तो नेहमीसारखा एका बाजूला बसला आणि नेहमीसारखा संपला. मेरेआनीलाही बोलावलं होतं, तिच्या घरचे सगळे फिजीत. नाताळच्या कागदी फटाकड्या ओढून फोडल्या, त्यातल्या कागदी टोप्या घातल्या, चिठ्ठ्यांवरचे फालतू विनोद वाचले, मग भेटी. रोवेनाचं पाकीट स्टेपलरच्या पिनांचं. गॅविननं केलेलं तर बिअरच्या खोक्याचं, त्यावर चिकटपट्टीचं अख्खं रीळ संपवलेलं. हे लोक मला जमणार नाही म्हणत होते!

मग गॅविननं माझं उचललं. आत मासेमारीच्या दुकानाचं कार्ड होतं, पण तो कार्डापर्यंत गेलाच नाही. पट्टा फासातून काढला. परत घातला. परत काढला. वास घेतला.

"हे चामडं आहे?"

"कुत्र्याच्या बिस्किटांची पिशवी आहे," मी म्हटलं. "आणि चहा."

त्यानं शिवण धरून ओढली. आधी हळू, मग त्या बैलाच्या हातांनी जोरात. हलली नाही. उलटून मागची बाजू बघितली. शेतकरी असला तरी माझ्या शेडमध्ये येऊन जाऊन त्यालाही मागची बाजू बघायची हे ठाऊक आहे.

"दोन सुयांचा टाका," तो म्हणाला. त्याचा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. "डार्सी, हा दोन्ही हातांचा टाका आहे."

"मग? पायांनी घातला असं वाटलं तुला?"

तो उठला, शेगडी पेटलीय का बघून येतो म्हणून अंगणात गेला. काल शेगडी लावलीच नव्हती. सगळं गारच होतं. तो तिथे पाठ करून बराच वेळ उभा राहिला.

रोवेना माझ्यासमोर खाली बसली. "डॅड, हात दाखव." मी दाखवला. तिनं तो लहानपणी धरायची तसा दोन्ही हातांत धरला. मी तिची बोटं दाबली. जोरात. "आई गं," ती म्हणाली आणि हसली आणि रडली, एकदमच.

"शेड?" मी विचारलं.

"तुझी. कायमची."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मग त्या लिलाववाल्याला फोन करून नाही म्हणून सांगा."

"कुठला लिलाववाला?" गॅविन अंगणातून येत म्हणाला. रोवेनानं त्याच्या नडगीवर सणसणीत लाथ मारली. गॅविन मुळात मंदच आहे, त्यात उन्हात उभा राहिलेला. "हां हां, तो," तो म्हणाला. "सांगतो."

मेरेआनीनं पाकीट हातात घेऊन नुसतं कुरवाळलं. म्हणाली, "अंकल, मला पण एक हवं. मोबाइल मावेल असं." मी म्हटलं, रांगेत थांब. कारण गॅविननं त्याच्या घोडीचा तुटलेला लगाम गाडीतून काढून आणला होता. म्हणाला सहज बरोबर होता. नाताळच्या जेवणाला कोणी लगाम घेऊन येतं का? पण काम काम आहे. बघितला. दोन टाक्यांचं काम, चार असतील. उद्या बसतो.

आज सकाळी दोन गोष्टी झाल्या. माझे चिकटपट्टीचे बूट दारातच सापडले, अगदी समोर, पुसून ठेवलेले. मी नाडीचेच घातले, आता त्यांची सवय झाली. आणि कोरलनं मुरंब्याची बरणी उघडून पुढे ठेवली. पहिल्यांदाच तिच्या लक्षात राहिलं. मेरेआनीचं खरं निघालं, ती बरी होत चालली आहे. माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. तरी चहा मीच केला आणि तिच्यापुढे ठेवला, उजवीकडे, तिचा हात उजवाच आहे. ती कपाकडे बघतच राहिली.

पैज मी तिघांच्याही नाकावर टिच्चून जिंकली. काल जेवण झाल्यावर कोरल, रोवेना आणि गॅविन भांडी घासायला आत गेले तेव्हा मी व्हरांड्यात बसून ऐकत होतो. वाटलं, आता तोंडं पाडून कुजबुजतील. तर आत हशा. गॅविननं कोरलला उचलून गरागरा फिरवलं, ती किंचाळली, एक ताट फुटलं, आणि तरी तिघंही हसत होती.

हरलेली माणसं इतकी खूश झालेली मी आयुष्यात पाहिली नव्हती.